जुन्या वस्त्रांची पारख आणि त्यांचा व्यापार

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी साफसफाई निघते आणि माळ्यावरची जुनी पेटी खाली येते. तिच्या तळाशी आजीचे एखादे नऊवारी लुगडे, आजोबांचा कोट, कोणाच्या तरी लग्नातील खणाच्या चोळ्या असे काहीबाही निघते. ते कोणी अंगावर घालीत नाही आणि कोणाला टाकवतही नाही. मग एके दिवशी दारावर बोहारीण येते, घासाघीस होते, आणि त्या गाठोड्याच्या मोबदल्यात स्वयंपाकघरात एक नवे पातेले येते.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरीही असेच झाले. दोन रेशमी लुगडी आणि एक शालू देऊन आम्ही झाकणाचे दोन डबे घेतले व सौदा बरा जमला म्हणून समाधान पावलो. पुढे शालूचा एक काठ शिवणाच्या डब्यात सापडला. एका जाणत्या वृद्ध गृहस्थांनी तो बोटांत फिरवून पाहिला आणि ही अस्सल चांदीची जर आहे असे शांतपणे सांगितले. बोहारणीने आम्हास फसविले नव्हते. तिला वस्तूची पारख होती आणि आम्हास नव्हती, इतकेच. जन्मभर कापडाच्या गादीवर बसलेल्या माणसास आपल्याच घरातील कापड ओळखता येऊ नये, ही खंत आमच्या मनात राहून गेली. त्या खंतीपोटीच हे चार शब्द सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

जुन्याला आलेला नवा मान

एके काळी दुसऱ्याने वापरलेले वस्त्र अंगावर घालणे म्हणजे दारिद्र्याची कबुली समजली जात असे. आता तरुण पिढी तेच वस्त्र हौसेने शोधीत फिरते. अशा खरेदीला 'थ्रिफ्ट' आणि विशिष्ट काळाची छाप असलेल्या जुन्या पोशाखास 'व्हिन्टेज' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून आपल्या देशात मोबाइलवरून जुने कपडे विकणारी लहान लहान दुकाने पुष्कळ वाढली. यामागे तीन कारणे दिसतात. पहिले, किंमत. दुसरे, वेगळेपणा, कारखान्यातून एकाच साच्याचे हजारो सदरे निघत असता, ज्याची जोडी दुसरीकडे मिळणार नाही असा एक सदरा मिळविण्यात आनंद असतो. तिसरे, अपव्ययाची टोचणी. एका सुती टी-शर्टाच्या कापसापासून शिलाईपर्यंत सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज जगभर उद्धृत केला जातो. घडलेले वस्त्र आणखी दहा वर्षे वापरात राहिले तर तेवढे पाणी व तेवढे श्रम वाचतात, हा हिशेब कोणाही व्यापाऱ्यास पटण्याजोगा आहे.

आपल्या दारातील उदाहरण

या व्यापाराचा नमुना पाहावयास गोमंतकीयांस दूर जाण्याचे कारण नाही. पेडण्याच्या दक्षिणेस, शापोरा नदीपलीकडे बार्देसात हणजूण गाव आहे. तेथील बुधवारचा बाजार १९७० नंतरच्या दशकात परदेशी हिप्पी मंडळींनी सुरू केला. मुक्काम लांबला, पैसे संपले, की ही मंडळी आपल्याजवळचे कपडे, वाद्ये, पुस्तके समुद्रकाठी मांडून विकीत आणि परतीची सोय करीत. पुढे त्यात देशी व्यापारी आले, आणि त्या हौशी बाजाराची मोठी पेठ झाली. पेडणे तालुक्यात हरमल, मांद्रे, मोरजी या किनाऱ्यांवरही हंगामात अशा वस्तूंना गिऱ्हाईक असते. मोपा येथील विमानतळावरून जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाल्यापासून परगावचा प्रवासी तर पेडण्यातच उतरतो.

या किनारी दुकानांत टांगलेले रंगीबेरंगी रेशमी घागरे एकदा नीट पाहावेत. कमरेभोवती गुंडाळावयाचे ते दुपदरी वस्त्र पुष्कळदा जुन्या रेशमी साड्या कापून शिवलेले असते. आपल्याकडची बोहारीण गाठोडे घेऊन जाते; शहरातील जुन्या कपड्यांच्या बाजारात त्याची निवड होते; जर असलेले काठ चांदी काढण्यासाठी निराळे होतात, धड घागऱ्यांच्या कारखान्यात जाते, आणि तयार माल पुन्हा किनाऱ्यावर येतो. पातेल्याच्या मोबदल्यात गेलेले लुगडे अशा रीतीने घागरा होऊन परत आले, तरी त्याचे जन्मघर त्यास ओळखीत नाही. या साखळीत ज्याने ज्याने पारख केली त्याने त्याने काही मिळविले. गमावले ते केवळ पहिल्या घराने.

गोमंतकीय पेट्यांतील ठेवा

पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. राज्य बदलले तरी सोयरीक आणि बाजारहाट घाटावरच्या व कोकणच्या मुलखाशी चालूच राहिला. म्हणून येथील जुन्या पेट्यांत इरकली लुगडी व गुळेदगुड्डाचे खण सापडतात, आणि एखाद्या सधन घरी पैठणीही निघते.

दुसरा ठेवा थोडा निराळा आहे. १९५४-५५ पासून भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा गोव्यातील पोर्तुगीज शासनाने परदेशी मालाच्या आयातीस मोकळीक दिली. त्याच सुमारास लोहखनिजाची निर्यात वाढून हाती पैसा खेळू लागला होता. सीमेपलीकडे दुर्मिळ असलेले नायलॉन व टेरिलीन गोव्याच्या दुकानांत सहज मिळू लागले आणि १९६१ च्या मुक्तीपर्यंत हा ओघ टिकला. त्या काळचे सदरे, झगे आणि नायलॉनच्या साड्या अद्याप काही घरांत आहेत. आपणास त्यांचे अप्रूप वाटणार नाही. परंतु व्हिन्टेज पोशाख शोधणाऱ्यास नेमके तेच हवे असते.

तिसरा ठेवा कुणबी लुगड्याचा. तांबड्या चौकटीचे हे आखूड, जाड सुती वस्त्र शेतात राबणाऱ्या स्त्रियांचे. खांद्यावर गाठ मारून नेसावयाचे. ते नाहीसे होण्याच्या बेतात असता गोमंतकीय वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी २०१० च्या सुमारास त्यास लांबीरुंदी व नवे रंग देऊन फॅशनच्या व्यासपीठावर आणले. त्यांनी जुन्या गोमंतकीय वेशभूषेचा अभ्यास करून ग्रंथ लिहिला आणि शापोरेच्या काठी कोलवाळ येथील आपल्या घरात पोशाखांचा संग्रह केला. २०१४ मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली. २०२० मध्ये ते निवर्तले. ज्या लुगड्यास कोणी मोल देत नव्हते तेच मानाने नेसले जाऊ लागले. मात्र मागणी वाढताच यंत्रमागावरील चौकटीचे कापडही त्याच नावाने खपू लागले. म्हणूनच पारख हवी.

पारख कशी करावी

जर: अस्सल जरीत रेशमी धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा दिलेला असतो. नकली जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा पातळ थर असतो. आणखी हलकी म्हणजे चकाकणाऱ्या प्लॅस्टिकची. काठाच्या आतील दुमडीवर नखाने हलके खरवडावे. मुलाम्याखाली पांढुरकी धातू दिसली तर चांदी, तांबूस दिसली तर तांबे. येथे एक गफलत होते. अस्सल जरीच्या पोटातील रेशीम पुष्कळदा तांबडे रंगविलेले असते; तो धागा पाहून त्यास तांबे समजू नये. तसेच जुनी चांदीची जर काळवंडते. काळी पडली म्हणून ती खोटी ठरत नाही.

धागा: कडेचा एकच सुटा धागा काढून, मालापासून दूर जाऊन, जाळून पाहावा. रेशमास केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरडते. सुतास कागद जळल्याचा वास येतो व राख करडी, मऊ पडते. टेरिलीन-नायलॉन वितळून त्याचा कठीण मणी होतो.

वीण: पैठणीचा पदर उलटून पाहावा. हातमागावरील अस्सल पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, मागे लोंबणारे धागे नसतात. इरकलीत धडाचा व पदराचा ताणा निराळा असून दोहोंचे धागे एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. तो सांधा दिसला की मागवाल्याचा हात ओळखावा.

शिवण: शिवलेल्या पोशाखात बंद पाहावेत. नायलॉनच्या दातांची चेन १९६० नंतरच सर्वत्र रूढ झाली. म्हणून धातूची चेन, हाताने घातलेली काजे आणि आत सोडलेले रुंद माया-कापड ही बहुधा जुनेपणाची लक्षणे होत. एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. दोन-तीन खुणा जुळल्या तरच बोलावे.

घेणाऱ्याने पाहावयाच्या गोष्टी

वस्त्र उजेडासमोर धरावे, म्हणजे विरलेली जागा लगेच कळते. घडीच्या रेषेवर रेशीम तडकले असेल तर ते नेसण्याजोगे नाही, फार तर काठ वापरता येतील. काख, कॉलर व नाडीची जागा तपासावी. घामाचा जुना डाग सहसा जात नाही, बटण तुटणे ही मात्र क्षुल्लक बाब होय. चिठ्ठीवरील मापाच्या आकड्यावर विसंबू नये, कारण मापे काळाप्रमाणे बदलली आहेत. टेपने छाती व कंबर मोजून घ्यावी. घरी आणल्यावर सुती वस्त्र धुवावे, रेशमी वस्त्रास सावलीत वारा द्यावा. आपल्या दमट पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या वस्त्रास बुरशी येते. स्वच्छ मांजरपाटात बांधून ठेवावे, डांबराची गोळी जरीस लागू देऊ नये, आणि वर्षातून दोनदा घडी मोडून निराळ्या रेषेवर घालावी.

विकणाऱ्याचा धर्म

आता प्रश्न आपल्या पेढीचा. डिचोलीतील पुष्कळ दुकानांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर मंदी पाहिली. अशा वेळी मांडणीवर पडून राहिलेला माल ओझे वाटतो. परंतु न वापरलेला, मूळ घडीतील, जुन्या छापाचा माल या नव्या गिऱ्हाइकास विशेष प्रिय असतो. तो वजनावर काढून टाकण्यापूर्वी एकदा निवडून पाहावा.

करासंबंधी एक सोय ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुन्या मालाचा व्यवहार करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवरील कराचे क्रेडिट घेतले नसेल आणि वस्तू जशीच्या तशी, अथवा स्वरूप न बदलणारी किरकोळ दुरुस्ती करून विकली, तर जीएसटीच्या नियम ३२(५) प्रमाणे खरेदी व विक्री यांतील फरकावरच कर आकारता येतो. साडी कापून घागरा केला तर तिचे स्वरूप पालटते, हे मात्र विसरू नये. आपल्या कर सल्लागारास विचारूनच पाऊल टाकावे.

याहून महत्त्वाची गोष्ट सचोटीची. नव्या मालाची किंमत छापलेली असते. जुन्या मालाची किंमत विकणाऱ्याच्या शब्दावर उभी असते. म्हणून प्रत्येक वस्तूस चिठ्ठी लावावी आणि तीवर कापड कोणते, जर कोणती, दोष कोठे, दुरुस्ती काय केली, हे स्पष्ट लिहावे. काळ ठाऊक नसेल तर तो लिहूच नये. यंत्रमागाच्या कापडास हातमागाचे म्हणू नये.

आणि हाच नियम खरेदीसही लागू आहे. एखादी वृद्धा गरजेपोटी लुगडे घेऊन पायरी चढली, आणि काठ चांदीचा आहे हे आपणास कळले व तिला ठाऊक नाही, तर काय करावे? सराफाकडे काठाच्या चांदीचे वजन करवून, तिला किंमत सांगून, मगच सौदा बोलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नफा त्यातही आहे. थोडा कमी, पण रात्री झोप लागेल असा.

आमचा शालू गेला तो गेला. कोणत्या तरी किनाऱ्यावर तो घागरा होऊन फिरत असेल. काठाची जर केव्हाच मुशीत गेली असेल. उरलेला तो वीतभर काठ आम्ही गादीच्या कप्प्यात ठेवला आहे, आणि दुकानात नवा मुलगा कामास लागला की प्रथम तोच त्याच्या हाती देतो. येत्या सणास आपल्या घरी पेटी उघडेल तेव्हा घाई करू नये. आधी उजेडात धरावे, उलटून पाहावे, घरातील वडीलधाऱ्या बायांस त्या वस्त्राची हकीकत विचारावी. आणि मगच, द्यावयाचे असेल तर, खुशाल द्यावे.