पोरांची रग्बी आणि नियमांची शिट्टी

इंग्लंडमध्ये रविवारी सकाळी क्लबांची मैदानं लहान मुलांनी भरून जातात. सात वर्षांखालच्या गटात एका संघात जेमतेम चार मुलं. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक फीत. चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडायचं नाही, त्याची फीत ओढून ‘टॅग’ असं ओरडायचं. मग त्यानं तीन सेकंदांत चेंडू बाजूच्या किंवा मागच्या सोबत्याकडे द्यायचा. ओढलेली फीत परत पट्ट्याला लावल्याशिवाय त्याला पुन्हा खेळात उतरता येत नाही.

अंगानं थोराड असलेल्या मुलाला इथं धडक मारून काहीच मिळत नाही. हुलकावणी द्यावी लागते आणि सोबती कुठं आहे हे पळता पळताच हेरावं लागतं. प्रशिक्षकानं घसा कोरडा करून ‘पास दे’ म्हणण्यापेक्षा हे तीन सेकंद जास्त शिकवतात.

पूर्वी नऊ वर्षांखालची मुलं नऊ-नऊ जणांच्या संघात खेळत. त्यांच्यासाठी छोटे स्क्रम (चेंडूसाठी एकमेकांना भिडणाऱ्या खेळाडूंची जुंपण) आणि लाइनआउटही (मैदानाबाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकून खेळ सुरू करणं) असत. चेंडूभोवती घोळका जमे आणि लवकर वाढलेला एखादा मुलगा सगळ्यांना रेटत गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून ‘ट्राय’ करून येई. 2010 च्या दशकात इंग्लंडच्या रग्बी महासंघानं काही भागांत आधी प्रयोग केले आणि मग टप्प्याटप्प्यानं नवी रचना आणली. आठ वर्षांखाली सहा खेळाडू, नऊखाली सात, दहाखाली आठ, अकराखाली नऊ. टॅकल, म्हणजे चेंडूवाल्याला पकडून पाडणं, नऊखालच्या गटात येतो, पण तेव्हाही स्क्रम आणि लाइनआउट नसतात. खेळाडू कमी झाले की प्रत्येकाच्या हाती चेंडू जास्त वेळा येतो आणि मोकळी जागा शोधायची सवय लागते.

नियम बदलला की खेळायची पद्धत बदलते, हे आपल्याकडे कबड्डीत दिसलंच आहे. सलग दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई ‘करो या मरो’ ठरली आणि नुसता वेळ काढून परतणं चढाईपटूला परवडेनासं झालं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी जागतिक नियमावलीत वेगळी तरतूद आहे. 19 वर्षांखालच्या सामन्यात स्क्रम दीड मीटरपेक्षा पुढं ढकलता येत नाही. त्यामुळे नुसत्या वजनावर समोरच्याला मैदानभर रेटत नेण्याचा मोह उरत नाही. माना सांभाळल्या जातात आणि चेंडू लवकर बाहेर येतो.

सगळ्यात अवघड प्रश्न टॅकलच्या उंचीचा. 2018 मध्ये फ्रान्समध्ये तरुण खेळाडूंच्या मृत्यूंनी देश हादरला. 2019 मध्ये तिथल्या हौशी रग्बीत टॅकलची मर्यादा कमरेपर्यंत खाली आणली गेली आणि दोघांनी मिळून एकाला टॅकल करण्यावर बंदी आली. त्यानंतर डोक्यावर डोकं आदळण्याचे प्रसंग बरेच घटले.

इंग्लंडचा 2018-19 मधला प्रयोग मात्र अंगाशी आला. प्रौढ व्यावसायिकांच्या दुसऱ्या श्रेणीतल्या एका स्पर्धेत टॅकलची मर्यादा काखेपर्यंत आणली. टॅकल खाली सरकले, पण चेंडूवाले खेळाडू कमरेत वाकून धडकत राहिले. त्यांना गाठायला टॅकल करणाराही वाकला आणि दोन्ही डोकी एकाच पातळीवर आली. टॅकल करणाऱ्यांच्या डोक्याला इजा होण्याचं प्रमाण वाढल्याचं दिसताच जानेवारी 2019 मध्ये प्रयोग थांबवण्यात आला.

तो धडा पुढं उपयोगी पडला. जुलै 2023 पासून इंग्लंडच्या स्थानिक आणि शालेय रग्बीत टॅकलची मर्यादा छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली गेली. आधी कमरेचा प्रस्ताव होता. क्लबांच्या तीव्र विरोधानंतर तो बदलला. या वेळी चेंडूवाल्यालाही सांगितलं गेलं की ऐन धडकेच्या क्षणी खाली वाकू नकोस, चुकवून जा. सरावातही दोघांना शिकवणं आलं: एकाला वाकायला, दुसऱ्याला वळायला.

तिथल्या वयोगट रग्बीत आणखी एक नियम आहे. सामन्यासाठी निवडलेल्या प्रत्येक मुलाला किमान अर्धा वेळ खेळवायचंच. त्यामुळे सर्वांत बुजऱ्या मुलालाही सुरक्षित टॅकल नीट शिकवल्याशिवाय प्रशिक्षकाचं भागत नाही. रविवारी तो मुलगा मैदानात उतरणारच असतो.