संकेतस्थळाचे नाव आणि त्याच्या किल्ल्या

रुग्णालयाची मालमत्ता म्हटली की इमारत, शस्त्रक्रियागृह, रुग्णवाहिका आणि बँकेतील ठेवी डोळ्यांसमोर येतात. ताळेबंदात जिची किंमत नगण्य दिसते अशी आणखी एक मालमत्ता संस्थेजवळ असते. ती म्हणजे संस्थेचे डोमेन नाव, अर्थात संकेतस्थळाचा पत्ता. धारणी-चिखलदऱ्याहून किंवा अकोट-तेल्हाऱ्याहून रुग्ण घेऊन निघालेले कुटुंब बाह्यरुग्ण विभागाची वेळ आणि निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटांची माहिती याच पत्त्यावर पाहते. परगावचा देणगीदार बँक खात्याचा क्रमांकही येथूनच घेतो. म्हणून हे नाव कोणाचे आणि त्याच्या किल्ल्या कोणाकडे, हे आपणा सर्वांस ठाऊक असावे, या हेतूने हे टिपण सादर करीत आहोत.

इंटरनेटवर प्रत्येक संगणकाची ओळख अंकांनी होते. अंक लक्षात ठेवणे कठीण, म्हणून नावावरून अंक शोधून देणारी व्यवस्था १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी मांडली. आपल्या देशात ‘डॉट इन’ नावांची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया पाहते. २००५ पासून ही नावे सर्वांसाठी खुली झाली आणि २०१४ पासून देवनागरीत ‘डॉट भारत’ हे नावही घेता येते. मात्र डोमेन नाव कधीही कायमचे विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवावे लागते, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी, आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते.

मुदत चुकली तर काय होते, याचे उदाहरण मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य कंपनीचे आहे. १९९९ च्या नाताळात तिच्या ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचे शुल्क भरायचे राहून गेले आणि हॉटमेलच्या ग्राहकांची अडचण झाली. शेवटी मायकेल चेनी या संगणक-तज्ज्ञाने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले. ‘डॉट कॉम’ नाव मुदत संपून रद्द झाल्यावरही ३० दिवसांपर्यंत जादा शुल्काने परत मिळू शकते. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणासही घेता येते. रुग्णालयाचे नाव अशा रीतीने परक्या हाती गेले, तर त्याच पत्त्यावर खोटा खाते क्रमांक झळकू शकतो आणि संस्थेच्या ई-मेलवर येणारे रुग्णांचे अहवालही भलतीकडे जाऊ शकतात.

अधिकार कोणाला किती, हे समजण्यास आपल्याकडील शेतीचे उदाहरण पुरेसे आहे. शेत मक्त्याने दिले म्हणून सातबाऱ्यावर मक्तेदाराचे नाव चढत नाही. येथेही तसेच तीन थर आहेत. पहिला नोंदणीचा. नाव कोणाच्या मालकीचे, हे तेथे ठरते. दुसरा तांत्रिक व्यवस्थेचा. नाव कोणत्या संगणकाकडे वळवावे आणि ई-मेल कोठे पोहोचवावा, हे तेथून ठरते. तिसरा मजकुराचा. डॉक्टरांच्या वेळा बदलणे, छायाचित्रे लावणे ही कामे येथे होतात. संकेतस्थळ तयार करणाऱ्या व्यावसायिकास दुसरा आणि तिसरा थर द्यावा. पहिला संस्थेकडेच असावा. लहान संस्थांत नेमके उलटे घडते. सोय म्हणून व्यावसायिक स्वतःच्या नावे नोंदणी करतो, आणि पुढे तो गाव सोडून गेला किंवा व्यवसाय बंद केला की संस्थेच्या हाती केवळ पावती उरते.

वऱ्हाडाला हा विचार नवा नाही. संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, परंतु त्या स्वतःच्या वा कुटुंबाच्या नावे ठेवल्या नाहीत. सार्वजनिक वस्तू व्यक्तीच्या नावे नसावी, हाच त्यामागील धडा.

त्यास अनुसरून पुढील पद्धत योग्य ठरते. नोंदणी न्यासाच्या नावे असावी. संपर्काचा ई-मेल पदाचा असावा, व्यक्तीचा नव्हे. आणि तो याच डोमेनवरील नसावा, कारण नाव बंद पडले तर ते सोडविण्याची सूचनाही त्याच बंद पेटीत अडकेल. एकच पासवर्ड अनेकांत वाटू नये. प्रत्येकास स्वतंत्र प्रवेश आणि कामापुरताच अधिकार द्यावा, म्हणजे कोणता बदल कोणी केला याची नोंद राहते. धनादेशावर दोन स्वाक्षऱ्या लागतात, त्याच न्यायाने मालकीचा बदल किंवा नाव दुसऱ्या कंपनीकडे नेणे दोन विश्वस्तांच्या लेखी संमतीविना होऊ नये. एरवी हस्तांतराचे कुलूप लावलेले असावे. दुहेरी पडताळणीचा मोबाईल क्रमांक कार्यालयाचा असावा आणि आणीबाणीचे संकेतांक मोहोरबंद पाकिटात तिजोरीत ठेवावेत.

विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार ९० दिवसांत बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. डोमेनच्या अधिकारांना मात्र इतकी सवड देता येत नाही. कर्मचारी कार्यमुक्त होताना कपाटाच्या किल्ल्या देतो, त्याच दिवशी त्याचा प्रवेशही रद्द व्हावा. वार्षिक लेखापरीक्षणाच्या वेळी या नोंदवहीची तपासणी व्हावी.

नावाच्या विश्वासार्हतेचे महत्त्व रिझर्व्ह बँकेनेही ओळखले आहे. फसवणूक रोखण्यासाठी तिने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावांकडे वळण्यास सांगितले. धर्मादाय संस्थांना असे राखीव कुंपण नाही. आपली राखण आपणच करावयाची आहे.

देणगीदारांस नम्र विनंती, की रक्कम पाठविण्यापूर्वी पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा, खाते न्यासाच्याच नावे असल्याची खात्री करावी आणि शंका आल्यास जुन्या पावतीवरील दूरध्वनीवर कार्यालयाशी बोलावे. विश्वस्तांनी वर्षातून एकदा एवढेच विचारावे: नाव कोणाच्या नावे, मुदत केव्हापर्यंत, किल्ल्या कोणाकोणाकडे? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळाली, तर आपण दिलेला पैसा रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्याच्या वाटेवरील एक मोठे दार सुरक्षित राहील.