वर येणारा चेंडू

टेनिसच्या क्रमवारीला जुनं काही आठवत नाही. कमावलेले गुण 52 आठवडे खात्यावर राहतात, मग गळून पडतात. दर आठवड्याला जुनं वजा, नवं जमा. वर्षभर खेळलं नाही की खातं रिकामं, मग कधीकाळी तुम्ही कोणीही असा.

किमिको दाते (आडनावावरून फसू नका, ही क्योटोची) 1995 मध्ये जगात चौथी होती. पहिल्या दहांत पोचलेली ती पहिली जपानी महिला. 1996 मध्ये टोकियोतल्या फेड कप लढतीत तिनं स्टेफी ग्राफला तिसऱ्या सेटमध्ये 12-10 असं नमवलं. त्याच वर्षी विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत ग्राफशी एक-एक सेट अशी बरोबरी झाली आणि अंधारामुळे खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी ग्राफ जिंकली. वर्षाअखेर, 26 व्या वर्षी, दातेनं निवृत्ती घेतली.

तिचा खेळ नीट समजून घेण्यासारखा आहे. उंची पाच फूट चार इंच. मुळात डावखुरी, पण खेळायची उजव्या हातानं. धिप्पाड मुलींशी जोरात जोर मिळवणं तिला परवडणारं नव्हतं. म्हणून टप्पा पडलेला चेंडू वर येत असतानाच, त्यानं पूर्ण उंची गाठायच्या आत, ती सपाट फटक्यानं परतवायची. वेग समोरचीचा, दिशा आपली. आपली ताकद वाचते आणि समोरचीला जागेवर यायला वेळ मिळत नाही. अट एकच: पाय आधीच तिथं पोचलेले हवेत. क्षणभर उशीर झाला की फटका फसलाच.

बारा वर्षांनी ती पुन्हा खेळायला परतली आणि टिकली कशी, याचं अर्धं उत्तर मला इथंच दिसतं. दंडातला जोर वयाबरोबर ओसरतो. चेंडू कुठून, केव्हा उसळणार हे ओळखणारी नजर तितक्या लवकर ओसरत नाही. शिवाय मधल्या काळात महिला टेनिस आणखी जोरकस झालं होतं. म्हणजे उसना घ्यायला वेगही जास्त!

मधली बारा वर्षं स्पर्धांबाहेरची, त्यात संसार आला, 2004 ची लंडन मॅरेथॉनही. 2008 मध्ये, 37 व्या वर्षी, ती परतली तेव्हा नाव होतं, क्रमांक नव्हता. क्रमांक नाही तर थेट प्रवेश नाही. आयोजकांनी वाइल्ड कार्ड दिलं तर ठीक, नाहीतर पात्रता फेऱ्या. जपानमधल्या गिफूच्या छोट्या स्पर्धेत ती पात्रता फेरीतून निघून थेट अंतिम सामन्यात पोचली. पुढच्या वर्षी सोलचं विजेतेपद मिळालं, एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. तिच्याहून मोठ्या वयात मुख्य दौऱ्यावरचं एकेरीचं विजेतेपद तोवर फक्त बिली जीन किंगनं मिळवलं होतं. 2010 मध्ये दातेकडून पॅरिसला साफिना हरली, टोकियोत शारापोव्हा.

2012 च्या नोव्हेंबरात ती पुण्यात आली. डब्ल्यूटीए 125, म्हणजे मुख्य दौऱ्याच्या एक पायरी खालची स्पर्धा. एकेकाळची चौथी खेळाडू 42 व्या वर्षी इथं कशाला? गुणांसाठी, दुसरं काय. अंतिम सामन्यात ती 18 वर्षांच्या एलिना स्वितोलिनाकडून हरली. दोन महिन्यांनी मेलबर्नला मानांकित नादिया पेत्रोव्हाला तिनं 6-2, 6-0 असं उडवलं. ऑस्ट्रेलियन ओपनच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारी ती सर्वांत वयस्क महिला ठरली.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, 2017 च्या सप्टेंबरात ती टोकियोत शेवटची खेळली आणि 0-6, 0-6 अशी हरली. पुण्याची विजेती त्या महिन्यात जगात तिसरी होती.