फिरती कांच व स्थिर चौकट

तलावाचें छायाचित्र घेणारास दोन गोष्टी एकदम साधावयाच्या असतात. आकाश भूमीहून पुष्कळच उजळ असतें, तें मंद करावयाचें. आणि पाण्यावरील चकाकी आवरावयाची. पहिल्या कामास वर काळसर व खालीं स्वच्छ अशी चौकोनी कांच लागते, दुसऱ्यास पोलरायझर. या दोघांचा संसार एकाच चौकटींत मांडूं गेलें म्हणजे भांडण सुरू होतें.

कारण चौकोनी कांच क्षितिजाशीं जुळविल्यावर हलतां कामा नये. पोलरायझर मात्र फिरविल्यावांचून उपयोगीच पडत नाहीं. परावर्तित प्रकाशास एक दिशाधर्म असतो, हें १८०८ मध्यें पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून येणारा प्रकाश स्फटिकांतून पाहतांना मालूस या शास्त्रज्ञाच्या ध्यानांत आलें. पोलरायझर त्या दिशेस आडवा आला कीं चकाकी अडते. आणखी पाव फेरा दिला कीं परत येते.

म्हणून साधा पोलरायझर भिंगावर बसवून त्यावर चौकट लावणें हा उपाय स्वस्त खरा, पण फसवा. तो फिरवावा तर चौकटही फिरते, आणि आकाशावरची काळसर छाया डोंगराच्या उतारावर तिरकी उतरते. कित्येक चौकटींत १०५ मिलिमीटरचा मोठा पोलरायझर सर्वांच्या पुढें लावतात. तो हातानें सहज फिरतो. परंतु विशालकोनी भिंगानें घेतलेल्या चित्राचे कोपरे काळे पडण्याचा संभव असतो. अलीकडील चौकटींत तो चौकोनी कांचांच्या मागें, भिंगाजवळ बसतो व कडेच्या लहान दांतेरी चाकानें फिरवितां येतो. आमची पसंती यासच. घरांत दोघातिघांचीं भिंगें निरनिराळ्या मापांचीं असलीं तरी जोडकडें बदलून एकच संच सर्वांस पुरतो. मात्र खरेदी सर्वांत मोठ्या भिंगाच्या मापानें करावी.

क्रमही महत्त्वाचा आहे. आधीं पोलरायझर फिरवून घ्यावा, मग काळसर कांच सरकवावी. कारण सूर्याशीं काटकोनांत असलेलें आकाश पोलरायझरच गडद करितो. विशालकोनी चित्रांत तर निळाईचा एकच पट्टा गडद होऊन आकाश डागाळल्यासारखें दिसतें. शिवाय दीड ते दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो, तेव्हां तिपाई हवी.

ढगाळ हवेंत पोलरायझर व्यर्थ, ही समजूत खरी नव्हे. श्रावणांत भंडारदऱ्याच्या तलावाकांठीं ओल्या पानांवरचा पांढरट तकाका काढून हिरवा रंग दाखविणें त्याच्याचकडून होतें. पाण्याच्या बाबतींत मात्र हात आवरावा. पृष्ठभागाशीं सुमारें ३७ अंशांचा कोन करून पाहिलें असतां चकाकी जवळजवळ पूर्ण जाते, म्हणून पायाजवळच्या पाण्यांतले धोंडे स्पष्ट दिसतात. दूरच्या पाण्याकडे नजर याहून पुष्कळ सपाट जाते, त्यामुळें तेथील डोंगराचें प्रतिबिंब बरेंचसें टिकतें. धोंडे दिसूं लागले कीं चाक तेथेंच थांबवावें.