नवरदेवाच्या हाती कुऱ्हाड

बॅचलर पार्टीची सुरुवात वजनकाट्याने झाली. ओस्लोतल्या एका इमारतीच्या जिन्याखाली आम्ही सात जण उभे होतो, मध्ये दोन घसरगाड्या. नवरदेवाचा जिवलग मित्र प्रत्येकाची पिशवी हातकाट्याला लटकवून आकडा वहीत लिहीत होता. माझी पिशवी आली तेव्हा त्याने आत डोकावून विचारलं, “हे काय?”

“प्रेशर कुकर. पाच लिटरचा.”

सगळे हसले. कुकर तरीही गाडीत गेला, कारण त्याच माणसाने ठरवलेले बिअरचे ४८ डबे, म्हणजे २४ किलो, आधीच गाडीत होते. त्यापुढे कुकरला नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. एकूण भरलं १०४ किलो. हे सगळं रेल्वे स्टेशनपासून नऊ किलोमीटर बर्फातून स्वतः ओढत न्यायचं होतं. नवरदेव या वेळी ऑफिसात निवांत बसला होता. दुपारी तीन वाजता आपल्याला तिथून उचलून नेणार आहेत, हे त्याला माहीत नव्हतं. त्याची बॅग होणाऱ्या बायकोने गुपचूप भरून दिली होती.

नॉर्वेत या प्रकाराला ‘उतद्रिकनिंग्सलाग’ म्हणतात. पिऊन निरोप देण्याची बैठक, असा साधारण अर्थ. नवरदेवाला पळवून न्यायचं, विचित्र कपडे घालायचे, चारचौघांत फजिती करायची, हा त्यातला ठरलेला भाग. हल्ली बरेच जण त्यासाठी विमानाने दुसऱ्या देशातल्या शहरात जातात, आपल्याकडे गोव्याला जातात तसे. पण अजूनही काही टोळ्या डोंगरातल्या लाकडी घरात जातात. या घराला म्हणायचं ‘ह्युत्ते’. ५५ लाखांच्या देशात अशी सुट्टीची घरं साडेचार लाखांच्या आसपास आहेत. नव्या घरांत वीज, वायफाय, गरम पाण्याचा टब सगळं असतं. जुन्या आणि आडवाटेच्या घरांत यातलं काहीच नाही, आणि मालकांना ते आणायचंही नसतं. आमचं घर नवरदेवाच्या मावशीचं, हार्दांगरविद्दा या विस्तीर्ण पठाराच्या कडेला. वीज नाही, नळ नाही, रस्ता नाही.

रस्ता नाही तर बर्फावरची मोटरसायकल, म्हणजे स्नोस्कूटर, का नाही? मीही हे विचारलं. उत्तर कायद्यात आहे. १९७७च्या कायद्याने नॉर्वेत रानात आणि डोंगरात हौसेखातर मोटार वाहन फिरवायला सहसा बंदी आहे. सामान पोचवायला परवानाधारक माणूस मिळू शकतो, पण मित्रमंडळींना तो घ्यायचा नव्हता. “मग पार्टी कसली?” असं एक जण म्हणाला. तो मस्करी करतोय असं मला वाटलं होतं. पाचव्या किलोमीटरला कळलं, नव्हता करत.

बर्गन रेल्वे १९०९ साली या पठारावरून नेली. तिच्या एका छोट्या स्टेशनावर उतरून आम्ही निघालो. बाकीचे सात स्कीवर, मी बर्फात न रुतणारे रुंद जोडे घालून मागून. नवरदेवाच्या जाकिटावर फुलाफुलांचा फ्रॉक चढवला होता आणि पुढची घसरगाडी त्याच्या कमरेला बांधली होती. आपल्याकडे हळद लागली की नवरदेवाला उंबरठा ओलांडू देत नाहीत. केळवणांत तर त्याने पानावरून उठेपर्यंत फक्त खायचं असतं, काडी इकडची तिकडे करायची नाही. इथे लग्नाला तीन आठवडे राहिले असताना त्याला बैलासारखा जुंपला होता. पोचल्यावर पहिलं काम काय? दारासमोरचा बर्फ उपसणं. दुसरं, सरपण फोडणं. कुऱ्हाड त्यालाच दिली.

अशा घरात सगळी अक्कल सरपणात असते. ताज्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. ते जाळलं तर आधी ते पाणी उकळून उडवण्यात उष्णता जाते आणि खोलीला मिळतो तो धूर. म्हणून आज फोडलेलं लाकूड पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या हिवाळ्यासाठी. जाळायला भूर्ज सर्वांत पसंतीचा, कारण त्याची साल तेलकट असते आणि ओलसर असली तरी पेट घेते. नॉर्वेजियन माणूस या विषयावर किती गंभीर आहे याचा एक पुरावा देतो. लार्स मुत्तिंग यांचं लाकूड फोडण्या-रचण्यावरचं पुस्तक २०११मध्ये आलं आणि धडाधड खपलं. त्यापाठोपाठ २०१३च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने सरपणावर बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. त्यातले आठ तास पडद्यावर नुसती जळती शेगडी. प्रेक्षकांच्या तक्रारी आल्या, पण कंटाळा आला म्हणून नव्हे. निम्मे रागावले होते की लाकडं साल वर करून रचली आहेत, निम्मे रागावले होते की साल खाली आहे. आमच्यातही या प्रश्नावर दोन तट पडले आणि राजकारणावर झाला नसता एवढा वाद झाला.

पाण्याचं गणित त्याहून कडक. पाणी म्हणजे बर्फ वितळवणं. भुसभुशीत ताज्या बर्फाची दहा लिटरची बादली भरून आणली तर हातात येतं जेमतेम लिटरभर पाणी. म्हणून वाऱ्याने दाबून घट्ट झालेला बर्फ शोधायचा, फावड्याने त्याच्या विटा कापायच्या, आणि त्याही संडासाच्या उलट दिशेच्या. पातेल्यात आधी तळाला थोडं पाणी ठेवायचं. नुसता कोरडा बर्फ टाकला तर वितळलेलं पाणी वरचा बर्फ शोषून घेतो आणि तळ करपतो. पाणी करपल्याचा वास मी पहिल्यांदा तिथे घेतला. आणि यात वेळ किती जातो! शाळेत आपण पाठ केलं होतं की बर्फ वितळण्याचा अप्रकट उष्मा ८० कॅलरी प्रतिग्रॅम. म्हणजे बर्फाचं नुसतं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. परीक्षेत हे लिहून गुण मिळवले होते. आठ माणसांचा चहा, स्वयंपाक आणि भांडी यांसाठी ते करून पाहिल्यावर मात्र प्रत्येक जण तोंड धुण्याचा मोह आवरू लागला.

इथे कुकरची अब्रू परत आली. समुद्रसपाटीपासून अकराशे-बाराशे मीटरवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही आणि सरपण मात्र जळत राहतं. मी मसालेभात लावला. पहिल्या शिट्टीला दोघे दचकून उठले. तिसऱ्या शिट्टीपर्यंत कुकरभोवती कोंडाळं झालं होतं. गॅसची छोटी शेगडीही होती, पण तिच्या सिलिंडरवर ‘प्रोपेन’ लिहिलंय ना हे करवल्याने दोनदा पाहिलं होतं. करवला म्हणजे तोच वजनकाटेवाला. लग्नात तो साक्षीदार असणार होता, आणि त्याला याहून बरा मराठी शब्द मला सुचत नाही. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्युटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेलं की द्रवच राहतं, वायू होऊन वर येत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतं. बाहेर उणे १४ होतं.

भातात गोडा मसाला होता. जेवताना एकाने विचारलं, यात काय काय असतं? मी सांगत सुटलो, आणि दगडफुलाशी अडलो. त्याला नॉर्वेजियनमध्ये काय म्हणायचं? फोनवर चित्र दाखवलं तेव्हा नवरदेव म्हणाला, “हे तर आमच्या लोकांनी जीव वाचवायला खाल्लं होतं.” ती गोष्ट याच पठारावरची. १९४२च्या ऑक्टोबरमध्ये चार नॉर्वेजियन सैनिक इथे हवाई छत्रीने उतरले. वेमोर्कच्या कारखान्यात जर्मनांसाठी तयार होणारं जड पाणी बंद पाडायचं होतं. त्यांना येऊन मिळायला निघालेली ब्रिटिश मोहीम नोव्हेंबरमध्ये फसली. मग या चौघांनी पठारावरच्या ओसाड घरांतून हिवाळा काढला. अन्न संपलं तेव्हा रेनडिअर खातात ते शेवाळासारखं बर्फाखालचं खाद्य त्यांनी उकरून खाल्लं. नाताळच्या तोंडावर एक रेनडिअर मारता आलं आणि ते तगले. १९४३च्या फेब्रुवारीअखेर नव्या तुकडीसह कारखान्यातली यंत्रणा उडवली गेली. रेनडिअरचं ते खाद्य आणि आपलं दगडफूल एकाच प्रकारातले, दोन्ही लायकेन. मसालेभाताला या दोन वाक्यांनी जी इज्जत मिळाली ती माझ्या आजीच्या पंक्तीतही मिळाली नव्हती.

दारूबद्दल लिहायला हवं, नाहीतर वाचकाला वाटेल मी लपवतोय. नॉर्वेत ४.७ टक्क्यांहून तीव्र दारू फक्त सरकारी दुकानातून मिळते. बिअर किराणा दुकानात मिळते, पण शनिवारी सहानंतर नाही आणि रविवारी अजिबात नाही. त्यामुळे पार्टीचा साठा आधीच हिशेबाने घ्यावा लागतो. वजनाच्या भाषेत बिअर ही मूर्खपणाची खरेदी, कारण आपण बहुतांशी पाणीच ओढत असतो. एकाने शहाणपणाने ‘आक्वेवित’ आणली होती, शहाजिऱ्याच्या वासाची बटाट्याची दारू. पण करवल्याचे नियम होते. पेला हातात घेतला की स्की पायात नाही. संडास घरापासून तीस पावलांवर, तिथवर दोर बांधलेला, तो सोडायचा नाही. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगाला ऊब वाटते, आणि त्याच वेळी शरीराच्या आतली उष्णता बाहेर निसटत असते. रात्री एकटाच बाहेर गेलेला, खुशीत असलेला माणूस डोंगरात सर्वांत धोक्यात असतो.

संडासाबद्दलही दोन वाक्यं. आसन थर्मोकोलचं असतं. थर्मोकोल अंगाची उष्णता ओढत नाही, त्यामुळे उणे १४तही बसता येतं. ज्याने हा शोध लावला त्याला पुरस्कार मिळायला हवा होता. समोरच्या भिंतीवर राजा-राणीचा फोटो. हा अपमान नाही, अनेक घरांत तसा रिवाजच आहे.

शनिवारी शिखरावर जायचं ठरलं होतं. तासाभराने वारा फिरला, पुढच्या माणसाची पाठ दिसेना, आणि करवला थांबला. कुणीही हुज्जत घातली नाही. १९६७च्या ईस्टरच्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत १८ माणसं मेली. त्यानंतर रेड क्रॉस आणि १८६८पासून काम करणारा तिथला पर्यटक संघ यांनी डोंगरातल्या वागणुकीचे नियम घरोघरी पोचवले. २०१६मध्ये ते सुधारले. नियम नऊ, आणि मागे फिरण्यात लाज नाही हा त्यातला सर्वांच्या तोंडी असलेला. ते एका चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूला छापलेले असतात. मुलं चॉकलेट खाता खाता ते वाचतात. वाट चुकलात तर शोधायला येणारे बहुतेक जण रेड क्रॉसचे स्वयंसेवक असतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.

परत आल्यावर खरी घटना घडली. बाहेर वादळ, आणि मटण भाजायला आणलेली कोळशाची एकदाच वापरायची पत्र्याची शेगडी हातात. आमच्यातल्या सर्वांत तरुणाने ती पडवीच्या आत, दार लोटून पेटवली. खिडकी किलकिली होती, धूर नव्हता, छान ऊब येत होती. करवल्याने ती नुसत्या हातमोज्यांनी उचलून बर्फात भिरकावली. संपूर्ण दोन दिवसांत तो आवाज चढवून बोलला ते एवढ्याच वेळी. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, झोप येते. पार्टीत कुणाचं डोकं जड झालं, कुणी पेंगुळलं, तर संशय कुणाला येणार? हे वाचताना दूरचं वाटत असेल तर मुंबई-पुण्याच्या बंद न्हाणीघरांत गॅस गिझरने गेलेले जीव आठवा. वायू तोच. मटण शेवटी कुकरमध्येच शिजलं.

संध्याकाळी आठला छतावरच्या सौर पट्टीने भरलेली बारा व्होल्टची बॅटरी दमली. पट्टीवर दोन दिवस बर्फ साचला होता. स्पीकर थंडीने आधीच मेला होता. मेणबत्त्या लागल्या, आणि कुणीतरी नवरदेवाला विचारलं की तिला पहिल्यांदा कुठे पाहिलंस. त्याने जे सांगितलं ते त्या खोलीतलं आहे, इथे लिहिणार नाही. पवना धरणाच्या काठावर जनरेटर आणि डीजे लावून झालेल्या दोन बॅचलर पार्ट्यांना मी गेलो आहे. तिथे नवरदेवाशी माझं एकदाही बोलणं झालं नाही.

रविवारी निघण्यापूर्वी राख बाहेर काढली, शेगडीत पुढच्या माणसासाठी लाकडं रचून ठेवली, शेजारी सुक्या ढलप्या आणि काडेपेटी. अशा घरांत रात्री गोठलेल्या बोटांनी येणाऱ्याला नुसती काडी ओढता यावी, असा शिरस्ता आहे. घरातल्या वहीत नावं, तारीख आणि परतीची वाट लिहिली. साल वर ठेवायची की खाली, ते नवरदेवाने ठरवलं.

परतीचं ओझं ४३ किलो. रिकामे डबे ४१, भरलेले सात तसेच परत. रिकामे चेपायचे नव्हते, कारण ते परत घेणाऱ्या यंत्राला त्यांच्यावरच्या रेघा वाचता याव्या लागतात. त्यामुळे अर्धी घसरगाडी हवेनेच भरली होती. सोमवारी ऑफिस सुटल्यावर नवरदेव आणि मी ते पोतं घेऊन किराणा दुकानात गेलो. डब्याला दोन क्रोनर, एकूण ८२. यंत्रावर दोन बटणं असतात. एकाने पैशांची पावती मिळते, दुसऱ्याने ती रक्कम रेड क्रॉसच्या सोडतीत जाते. त्याने दुसरं दाबलं. काही लागलं नाही.