एकाच काळातील अनेक संबंध आणि एचआयव्हीचा प्रसार

आपल्या रुग्णालयाच्या समुपदेशन कक्षात एक प्रश्न वारंवार विचारला जातो. विचारणारी बहुधा विवाहित स्त्री असते. रक्ततपासणीचा अहवाल नुकताच तिच्या हाती आलेला असतो. "मी कधी वावगे पाऊल टाकले नाही, मग मला हा आजार कसा झाला?" सोबत आलेले नातेवाईकही हाच प्रश्न विचारतात, परंतु त्यांच्या स्वरात शंका असते. प्रस्तुत लेखक वैद्यकीय शाखेचा नसून वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि आमच्या डॉक्टरांकडून व समुपदेशकांकडून या प्रश्नाचे उत्तर समजून घेतल्यावर ते विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक यांच्यापुढे साध्या शब्दांत ठेवावे, असे वाटले.

संख्या आणि काळ

जोडीदारांची संख्या वाढली की धोका वाढतो, हे सर्वांस विदित आहे. परंतु ते संबंध एकापाठोपाठ एक होते की एकाच काळात चालू होते, यानेही फरक पडतो. समजा, एका पुरुषाचा दोन स्त्रियांशी संबंध आला. पहिला संबंध पूर्णपणे संपल्यावर दुसरा सुरू झाला असेल, तर दुसरीकडून आलेला विषाणू पहिलीपर्यंत पोहोचू शकत नाही, कारण ते खाते बंद झालेले असते. मात्र दोन्ही खाती एकाच वेळी चालू असतील, तर विषाणू कोणत्याही बाजूने आला तरी त्यास दुसऱ्या बाजूस जाण्याचा मार्ग खुला राहतो.

यात आणखी एक गोष्ट आहे. लागण झाल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत शरीरातील विषाणूंचे प्रमाण फार मोठे असते आणि इतरांस लागण होण्याची शक्यताही त्या काळात अधिक असते. नेमक्या त्याच सुमारास नेहमीच्या चाचणीत लागण दिसून न येण्याचा संभव असतो. दोन संबंधांमध्ये काही महिन्यांचे अंतर असल्यास हा धोक्याचा काळ बव्हंशी मध्येच निघून जातो. संबंध समांतर असल्यास तसे अंतर मिळत नाही.

मार्टिना मॉरिस व मिर्याम क्रेट्श्मार या अभ्यासिकांनी १९९७ साली गणिती प्रतिमानाच्या साहाय्याने हाच मुद्दा मांडला. जोडीदारांची सरासरी संख्या तेवढीच ठेवूनही निम्मे संबंध समांतर धरले, तर पाच वर्षांनंतर साथीचा आकार दसपट होतो, असे त्यांच्या गणितात आढळले. पुढे आफ्रिकेतील मलावी देशाच्या लिकोमा बेटावर संशोधकांनी तरुण स्त्री-पुरुषांच्या संबंधांची प्रत्यक्ष नोंद केली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यांपैकी जवळजवळ निम्मे जण एकाच मोठ्या जाळ्यात जोडले गेले होते. आपण अशा जाळ्याचा भाग आहोत, याची कल्पना त्यांतील एखाद्यास असणे कठीणच.

युगांडा देशाने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर एक व्यवहारी उपाय योजला. शेतकऱ्यांना परिचित असलेला 'झीरो ग्रेझिंग', म्हणजे बाहेर चरावयास न जाणे, हा शब्द घेऊन 'घराबाहेर संबंध नको' असा प्रचार गावोगावी करण्यात आला. १९९० च्या दशकात तेथील लागणीचे प्रमाण घटले. त्यामागील कारणांत या बदललेल्या वर्तनाचाही वाटा मानला जातो.

सर्व तज्ज्ञांचे यावर एकमत मात्र नाही. दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल भागातील २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात समांतर संबंधांचा स्वतंत्र परिणाम दिसला नाही. तेथे जोडीदारांची एकूण संख्याच महत्त्वाची ठरली. वाचकांनी ही बाजूही ध्यानात ठेवावी.

आपल्याकडील चित्र

आपल्याकडे पत्नी गावी आणि पती कामधंद्यानिमित्त शहरात किंवा ट्रकवर, अशी असंख्य कुटुंबे आहेत. समांतर संबंध असले तर ते बहुधा पुरुषाचे असतात. स्त्रीचा जोडीदार एकच, तो म्हणजे पती. पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के एचआयव्ही बाधित आढळल्या. हे प्रमाण चिकित्सालयात आलेल्यांचे आहे, सर्वसाधारण समाजाचे नव्हे. तरीही केवळ वैवाहिक संबंध असलेल्या स्त्रियांपर्यंत हा विषाणू पोहोचला आहे, हे त्यातून प्रथमच ठळकपणे पुढे आले.

येथेच आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. समांतर संबंध ठेवणारी व्यक्ती स्वतःपेक्षाही आपल्या जोडीदाराचा धोका अधिक वाढविते. म्हणून बाधित पत्नी दिसताच तिच्या चारित्र्याविषयी शंका घेणे हे अन्यायाचे आहेच, शिवाय वैद्यकीयदृष्ट्याही निराधार आहे. कित्येकदा गरोदरपणातील तपासणीमुळे पत्नीचा अहवाल आधी येतो, एवढ्यावरूनच तिने आजार घरात आणला असे ठरविले जाते. अहवाल कोणाचा आधी आला यावरून लागण कोणास आधी झाली, हे सिद्ध होत नाही.

काय करावे

आज या आजारावर परिणामकारक औषधे उपलब्ध आहेत. शासकीय केंद्रांतून ती २००४ पासून विनामूल्य मिळतात, आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. नियमित औषधे घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतके कमी राहिले, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. निरोधचा वापर, पती-पत्नी दोघांची तपासणी आणि त्वरित उपचार या तीन गोष्टींनी साखळी तुटते. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायद्याने गोपनीयतेचे व भेदभावविरहित वागणुकीचे संरक्षण दिले असून तो सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माहितीसाठी १०९७ ही राष्ट्रीय विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे.

आपल्या हितचिंतकांस एकच नम्र विनंती आहे. आपल्या परिचयातील एखाद्या घरी असा प्रसंग उद्भवल्यास 'कोणामुळे झाले?' हा प्रश्न बाजूस ठेवून 'दोघांची तपासणी झाली का?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने घर मोडते, तर दुसऱ्याने निदान औषधोपचाराची वाट सापडते.

– प्रशासकीय अधिकारी