जांघेंतील अंतर्गळ आणि शेतकरी

बैलाचा खांदा सुजला तर शेतकरी त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. स्वतःच्या जांघेंत गोळा आला तर मात्र तो वर्षानुवर्षें पट्टा बांधून तुरीचीं पोतीं उचलीत राहतो. बडनेरा व भोंवतालच्या कापसाच्या मुलुखांत अशी माणसें गांवोगांव आढळतील. हा आजार लाजेनें लपविण्याचा नव्हे.

पोटाच्या भिंतीचा जांघेकडील भाग दुर्बळ झाला म्हणजे आंतील चरबी किंवा आंतडें त्या वाटेनें बाहेर येतें. खोकतांना व ओझें उचलतांना गोळा दिसतो. निजल्यावर तो बहुधा आंत जातो. लेप, काढा किंवा पट्टा यांनीं तें छिद्र बुजत नाहीं. गोळा आंत न जातां कठीण होऊन दुखूं लागला व ओकाऱ्या सुरू झाल्या, तर आंतडें आवळलें गेलें असें समजावें. रक्तपुरवठा तुटून तें कांहीं तासांतच कुजूं लागतें. अशा वेळीं रात्र असो वा दिवस, रुग्णास तत्काळ इस्पितळांत न्यावें.

इटलींतील बासिनी यांनीं 1887 च्या सुमारास आपली शिवणीची पद्धत जगापुढें मांडली. परंतु शिवणीवर ताण पडून गोळा कित्येकांस पुन्हां होई. पुढें अमेरिकेंत लिख्टेनस्टाइन यांनीं छिद्रावर कृत्रिम धाग्याची जाळी बसवून हा ताण टाळला. ही शस्त्रक्रिया तेवढाच भाग बधिर करूनही करतां येते. अडचण एकच होती : विकतची जाळी गरिबास परवडेना.

ही अडचण आपल्याच महाराष्ट्रांत, मिरचीच्या बाजारपेठेबद्दल प्रसिद्ध असलेल्या धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा येथें, डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर यांनीं ओळखली. त्यांनीं मच्छरदाणीचें कापड निर्जंतुक करून जाळीऐवजीं वापरलें. सहकारी शल्यवैद्यांसह केलेल्या साडेतीनशेंहून अधिक शस्त्रक्रियांचा वृत्तान्त त्यांनीं 2003 सालीं प्रसिद्ध केला. पुढें युगांडांत 302 पुरुषांवर केलेल्या तुलनेचे निष्कर्ष 2016 सालीं प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटांत एकासच गोळा पुन्हां झाला होता, महाग जाळीच्या गटांत कोणासही नाहीं. हा फरक नगण्य ठरला. पुण्याचे डॉ. मोहन देसर्डा यांनीं तर 2001 सालीं रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूच्या आवरणाची पट्टी वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. तींत जाळीच लागत नाहीं.

घरची मच्छरदाणी मात्र या कामीं चालत नाहीं. कापडाची निवड व शुद्धि हें शल्यवैद्याचें काम आहे.

आतां प्रश्न वेळेचा. गोळा सहज आंत जात असेल तर वैद्याच्या सल्ल्यानें शस्त्रक्रियेची तारीख आधीं ठरवितां येते. तूर व हरभरा घरांत आल्यावर, फाल्गुन-चैत्रांत, ती करून घ्यावी. वैद्य सांगेल तितके आठवडे जड ओझें उचलूं नये. तें काम घरांतील इतरांनीं पत्करावें. म्हणजे मृगाच्या पेरणीस शेतकरी धडधाकट उभा राहील. दुखणें अंगावर काढून भर हंगामांत इस्पितळ गांठावें लागल्यास पीक व प्राण दोन्ही धोक्यांत येतात.